बाजरीची भाकरी आणि स्टीलचा डबा

२०२१ च्या एप्रिलअखेरीस माझा मोठा भाऊ नागपूरला कोरोनाने गेला. त्याचा चेहरा आम्हाला शेवटचा पाहता आला नाही. दफनाच्या वेळी वहिनी आणि आणखी दोन माणसे, एवढेच. मी इकडे लामत्यात घरात अडकलेली. मी पॉझिटिव्ह, यजमानही पॉझिटिव्ह. गल्लीतली माणसे आमच्या घरासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत मीही तेच केले असते.

फोन मात्र सतत वाजत होता. आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे अशा वेळी शास्त्रातले वचन सांगून धीर द्यायची पद्धत आहे. बालाघाटहून, गोंदियाहून, नागपूरहून मंडळीतली माणसे फोन करीत आणि सांगत, देवाची इच्छा होती, तो आता आपल्यापेक्षा चांगल्या ठिकाणी आहे, तुम्ही तर विश्वासात खंबीर आहात, रडू नका. फोन ठेवला की मी रडत असे आणि वर आपण रडलो म्हणून अपराधी वाटे. सांगणाऱ्यांची माया खोटी नव्हती. काही जणांचा तर बोलता बोलता स्वतःचाच आवाज भरून येई. तरीही एक गोष्ट खरी की त्या आठवड्यात मला सर्वांत जास्त थकवा आला तो इतरांचे सांत्वन ऐकून घेण्याचा.

हे लिहिताना मला माझीच एक जुनी चूक आठवते. त्याआधी काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका तरुण मुलीचे पहिले बाळ आठ दिवसांत दगावले. मी तिला भेटायला गेले आणि कुठेतरी ऐकलेले वाक्य बोलून टाकले की देवाला सुंदर फुले आवडतात, म्हणून तो ती लवकर खुडतो. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "ताई, मग देवानं दुसऱ्या कोणाच्या बागेत जावं ना!" मला तेव्हा वाटले, दुःखाने हिचा विश्वास डळमळला. माझा भाऊ गेल्यावर कळले की तिचा विश्वास जागच्या जागी होता, माझे बोलणेच पोकळ होते.

आमच्या घरासमोर एक काकी राहतात, पोवारांच्या घरच्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे देव वेगळे, आमची उपासना वेगळी. नाताळला करंज्या आणि पोळ्याला पुरणपोळी यांची देवाणघेवाण सोडली तर आमचा तसा फार घरोबा नव्हता. आम्ही आजारी पडलो त्या दिवसापासून रोज दुपारी त्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर स्टीलचा डबा आणून ठेवीत, त्यावर चमच्याने दोनदा ठोकीत आणि परत जाऊन आपल्या छपरीत बसत. भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, कधी वांग्याची भाजी. मी डबा आत नेईपर्यंत त्या बसलेल्या असत. नेल्यावरही बराच वेळ बसून राहत. "काही लागलं तर सांग" असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. भाऊ गेल्याची बातमी आली त्या दिवशी डबा नेहमीच्याच वेळेला आला. फक्त त्या दिवशी काकी अंधार पडेपर्यंत छपरीत बसून होत्या.

आठ-नऊ दिवसांनी त्यांनी रस्त्यापलीकडूनच विचारले, "बाई, तुझा भाऊ लहानपणी कसा होता वं?"

इतक्या फोनांमध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी भिंतीला टेकून अर्धा तास बोलत राहिले. छोट्या लाइनच्या गाडीच्या दारात बसून तो पाय कसे हलवायचा, वडिलांच्या शिव्या कशा खायचा, मला सायकल शिकवताना कसा मुद्दाम सोडून द्यायचा. बोलता बोलता मी हसलेसुद्धा. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली.

आजारातून उठल्यावर मी बायबल नव्याने वाचायला घेतले ते जरा रागानेच. लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी होत्या, पण आता त्यांतले वेगळेच दिसू लागले. एलीया संदेष्टा राणी ईजबेलच्या भीतीने रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. इतका मोठा देवमाणूस, पण पार खचलेला. तेव्हा देवदूत येऊन त्याला उपदेश करीत नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवतो, त्याला उठवून खायला सांगतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो आणि दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायलाच घालतो. तू संदेष्टा असून असे कसे बोलतोस, हा प्रश्न तिथे येतच नाही. देवाचे बोलणे नंतर होते, पुष्कळ चालून गेल्यावर.

आणि ईयोबाचे मित्र! मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले, अशा मित्राला भेटायला ते तिघे दुरून येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसतात. इथपर्यंत त्यांच्याइतके चांगले मित्र शोधून सापडायचे नाहीत. बिघडते ते त्यांनी तोंड उघडल्यावर. मग ते देवाची वकिली करू लागतात, ईयोबाच्या दुःखाचे कारण ईयोबातच शोधू लागतात. पुढे पानेच्या पाने त्यांचे पांडित्य चालते आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. प्रार्थनासभेत या शेवटाची आठवण फारशी निघत नाही.

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला एकमेकांना धीर देत राहा असे लिहिले, हे ख्रिस्ती घरांत सर्वांना ठाऊक असते. पण त्याच वाक्याच्या शेवटी तो म्हणतो की तुम्ही हे करीतच आहात. म्हणजे त्याने त्यांना नवी आज्ञा दिली नव्हती, चालू असलेल्या गोष्टीची दाद दिली होती. ही माणसे छळ सोसत होती, आपली माणसे मरताना पाहत होती. मूळ ग्रीक भाषेत तिथे जो शब्द आहे, त्याचा मुळातला अर्थ आपल्या बाजूला बोलावणे असा आहे. कुणीतरी बाजूला येऊन उभे राहणे, एवढ्यावरच तो शब्द उभा आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीला एक साल आणि एक गाव लागते. या विषयाचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच मुलखाशी जोडलेले आहे, आणि तरी आपल्याकडे ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला बालाघाट जिल्हा तेव्हा याच प्रांतात, नागपूर विभागात होता. लामत्याला त्या वेळी रेल्वे नव्हती. आपली छोटी लाइन आली ती त्यानंतर काही वर्षांनी. खेड्यापाड्यांतून माणसे मोठ्या गावांकडे निघाली. सरकारी गरीबखाने उघडले गेले आणि तिथे एकट्यादुकट्या पोरक्या मुलींवर टपलेले लोकही येऊन पोचले. अशा वेळी पुण्याहून पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. पुण्याचे त्यांचे शारदा सदन हे विधवांसाठीचे छोटे घर होते. अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. दुष्काळातल्या मुली आणून त्यांना खायला काय घालायचे, याचा हिशेब कुठल्याही वहीत बसणारा नव्हता. तरी त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया आपल्याकडे नेल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची धामधूम सुरू झाली आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पुणे-दौंड रेल्वेवरच्या केडगावला त्यांनी घेतलेल्या शेतजमिनीवर या मुलींचा संसार थाटला गेला. तेच पुढे मुक्ती मिशन.

त्या आल्या याचे कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे आणि ते वाचताना आजही हात थांबतो. १८७४ च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, त्या स्वतः दुष्काळात सापडल्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. पण पुराण सांगून पोट भरण्याचे ते दिवस उरले नव्हते. वडील गेले. आई अंथरुणाला खिळली आणि तिला भाकरीच्या तुकड्याची वासना झाली. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात गेल्या. भीक मागायची सवय नाही, जीभ उचलेना. डोळ्यांतले पाणी आवरता आवरेना. त्या बाईने चेहरा पाहून ओळखले आणि आपणहून विचारले, खायला हवे का? थोडीशी बाजरीची भाकरी हवी, एवढेच रमाबाईंना बोलता आले. भाकरी मिळाली. आभार मानायला शब्द फुटले नाहीत, तशाच त्या आईकडे धावल्या. पण आईला खाण्याइतके त्राण उरले नव्हते. थोड्याच दिवसांत तीही गेली आणि पाठोपाठ मोठी बहीण.

त्यानंतर रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढचे वाद महाराष्ट्राला ठाऊक आहेत. शारदा सदनात मुलींवर धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते आणि मी तो इथे उकरीत नाही. मला दिसते ते इतकेच की ज्या मुलीला एकदा कुणीतरी मागायला न लावता भाकरी दिली, ती मुलगी तेवीस वर्षांनी मध्य प्रांताच्या गरीबखान्यांतून फिरत होती आणि ज्यांची जीभ उचलत नाही असे चेहरे शोधत होती. ती ब्राह्मण बाई कोण होती, तिचे नाव काय, इतिहासात नोंद नाही. आपण काय सुरू केले हे तिला कधी कळलेही नसेल.

१९०० मध्ये, ज्याला आपल्याकडची जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, त्या वेळी गुजरातेतून मुक्तीत आणखी शेकडो मुली आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. इतक्या जणींना एकटी रमाबाई काय पुरी पडणार? आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना सांभाळीत, शिकवीत. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सारे मुलीच चालवीत. मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवी. दुष्काळातून आलेल्या मुलीला धीर द्यायला दुष्काळातूनच आलेली दुसरी मुलगी, याहून जास्त योग्य माणूस मला तरी सुचत नाही. पौलानेही करिंथच्या मंडळीला असेच काहीसे लिहिले आहे की आपले सांत्वन होते ते आपण पुढे इतरांचे करावे म्हणून. पण मला तो उपदेश केडगावच्या आवारात जास्त समजतो.

आणखी एक प्रसंग, आपल्या रेल्वेवरचा. १८९३ च्या सुमाराची गोष्ट. कवी नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगावकडे निघाले होते. ही गाडी गोंदियावरूनच जाते. आपल्यापैकी किती जण त्या मार्गाने आले-गेले असतील! डब्यात त्यांना एक परदेशी मिशनरी भेटला. घर अस्थिर, नोकरी अस्थिर, धर्माविषयी डोक्यात वादळ, अशा या ब्राह्मण तरुणाशी तो आदराने बोलला, त्याच्या कवितेविषयी बोलला आणि उतरताना नवा करार हातात ठेवून गेला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

इथे एखादा ख्रिस्ती लेखक थांबेल. मला थांबावेसे वाटत नाही, कारण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, कडेवर लहान दत्तू, लोकांची बोलणी. पुढे त्यांनी स्वतःही ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्यांना सांभाळले ते त्यांच्या हिंदू नातेवाइकांनी, विशेषतः बहिणीने आणि मेहुण्यांनी. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे लपवाछपवी न करता आणि पुष्कळ ठिकाणी हसत हसत सांगितले आहे. एकमेकांना धीर देणे ही काही आमच्या चर्चच्या भिंतीआतली मालमत्ता नव्हे. मला धीर दिला त्या काकीच्या घरात बायबल नाही.

लामत्यात आम्ही चार-पाच कुटुंबे घरगुती प्रार्थनेसाठी एकत्र जमतो. २०२१ नंतर आम्ही आमच्या सवयी थोड्या बदलल्या. कुणाकडे दुःख झाले की पहिल्या दिवशी भाषण करायचे नाही. स्तोत्रांमधले एखादे विलापाचे स्तोत्र वाचायचे आणि गप्प बसायचे. दीडशे स्तोत्रांमध्ये देवाकडे गाऱ्हाणे घालणारी, का रे सोडलेस म्हणून विचारणारी स्तोत्रे किती आहेत, ते मोजून पाहावे! आपण आनंदाचीच तेवढी निवडून गातो. दुसरे म्हणजे, "काही लागलं तर सांगा" हे वाक्य आम्ही बंद केले. ते ऐकायला गोड असते, पण मागण्याचे ओझे ते दुःखी माणसावरच टाकते आणि त्याची जीभ उचलत नसते. त्याऐवजी कुणी डबा न्यायचा, कुणी मुलांना शाळेत सोडायचे, कुणी दाखल्यांसाठी तहसिलात जायचे हे आम्ही आपसांतच ठरवतो. हे सगळे दर वेळी जमते असे नाही. एकदा दोन घरांतून एकाच दिवशी डबे गेले आणि पुढचे तीन दिवस एकही गेला नाही. त्यावरून बरीच बोलाचाली झाली.

सर्वांत अवघड जाते ते मरण नसलेले दुःख. ते दिसत नाही, त्याला तेरावा नसतो. धान बुडाले, कर्ज थकले, मुलगा हैदराबादला कामाला गेला आणि त्याचा फोन येईनासा झाला. माझा एक विद्यार्थी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला आणि वर्गात यायचाच बंद झाला. त्याने परीक्षेत नक्कल केल्याची चर्चा होती, त्यामुळे स्टाफरूममध्येही त्याच्या बाजूने कुणी बोलेना. मलाही खात्री नव्हती. तेव्हा मला बर्णबा आठवला. त्याचे खरे नाव योसेफ. धीर देणारा म्हणून प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले होते. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल पालटून यरुशलेमेत आला, तेव्हा सगळे त्याला भीत होते. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेले. पुढे तोच शौल, म्हणजे पौल, अर्ध्यातून परत गेलेल्या मार्कला पुन्हा बरोबर घ्यायला तयार होईना, तेव्हा बर्णबा मार्कच्या बाजूने उभा राहिला आणि त्यापायी पौलाशी त्याची फारकत झाली. म्हणजे धीर देण्याची किंमत स्वतःच्या पतीतून मोजावी लागते.

मी त्या मुलाच्या गावी गेले. त्याचा बाप तेंदूपत्त्याच्या फडावर गेला होता. मुलगा अंगणात मोहफुले वाळत घालीत होता. मी परीक्षेचे नाव काढले नाही, मोहफुले कशी वाळवतात ते विचारले. जाताना त्यानेच विचारले, "मॅडम, फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती?" त्याने फॉर्म भरला, पास झाला, आता तो गोंदियाला एका दुकानात हिशेब पाहतो. ही काही फार मोठी यशोगाथा नव्हे. त्याने नक्कल केली होती की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात समोरचे काका गेले. काकीकडे बायकांची गर्दी होती. मी तिसऱ्या दिवशी दुपारी तोच स्टीलचा डबा घेऊन गेले. दोन वर्षे तो माझ्याकडेच राहिला होता. भात आणि लाखोळीचे वरण केले होते. डबा काकीजवळ ठेवला आणि समोरच्या खाटेवर बसले. काय बोलावे हे मला तेव्हाही सुचले नाही. बाहेर पाऊस चालू होता. बऱ्याच वेळाने त्यांनी डबा उघडला, चार घास खाल्ले, मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लसूण कमी टाकला वं तूनं."

"हो काकी," मी म्हणाले. "काका कसं खायचे?"

"त्याले तर लसणाबगर जमतच नव्हतं," काकी म्हणाल्या आणि सांगू लागल्या.